मागच्या दाराची कडी

बोर्गहिल्डच्या घराचं मागचं दार त्या रविवारी आतून बंद होतं.

लायलने मूठ फिरवली. दार हललं नाही. त्याने खांदा लावून पाहिला, मूठ उलटी फिरवून पाहिली, आणि शेवटी हात खिशात घालून तो नुसता बघत उभा राहिला. जणू आता जे काय सांगायचं ते दारानेच सांगावं.

"ठोठाव तरी," जोलीन म्हणाली. तिच्या हातात लिंबाच्या वड्यांचा ट्रे होता आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीच्या ओझ्याने ती एका बाजूला कलली होती.

"आईच्या दारावर ठोठावू? मी काय परका आहे?"

"मग हाक मार."

"रविवारी? शेजारी काय म्हणतील?"

आमच्या नॉर्डबीत रविवारची उपासना सुटल्यावर इतकी शांतता असते की दोन घरं सोडून कुणी कॉफीत चमचा फिरवला, तरी साखर घेतली हे इकडे कळतं. अशा गावात हाक मारणं म्हणजे बंबाची घंटा वाजवण्यासारखंच. आणि कडी लावणं तर त्याहून मोठं. या घराचं पुढचं दार दोनदाच उघडलेलं लोकांना आठवत होतं, बोर्गहिल्ड नवरी होऊन आत आली तेव्हा आणि तिच्या नवऱ्याला, ऑर्विनला, शेवटचं बाहेर नेलं तेव्हा. मागचं दार मात्र सदाचं उघडं. त्याला कडी आहे, हेच लायलला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळत होतं.

"बघ," तो बायकोला हळूच म्हणाला. "मी म्हणत नव्हतो?"

महिनाभर तो एकच म्हणत होता. आई एक्क्याऐंशीची झाली, वसंतात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि आता डोकंही... यापुढचं वाक्य तो कधी पुरं करत नसे. सिल्व्हर पाइन वृद्धनिवासात एक खोली रिकामी झाली होती. हवी की नको, ते उद्या सकाळी कळवायचं होतं. आज कॉफी झाली की आईला सांगायचंच, असं त्याने प्रवचन चालू असताना ठरवलं होतं. त्यामुळे प्रवचन कशावर होतं, हे त्याला विचारलं असतं तर पंचाईत झाली असती.

"चर्चच्या पाळकसाहेबांच्या गाडीत बसली होती परवा," तो बोटं मोडत म्हणाला. "उभ्या गाडीत. मागच्या सीटवर, एकटीच! मग उतरली आणि चालायला लागली, बसमधून उतरावं तशी. पहाटे आगीच्या बंबांच्या शेडमागे दिसली, हातात पिशवी. आणि आता ही कडी."

"होतं असं. डोकं म्हणजे काय लोखंडाचं असतं?" मागून काठी टेकत आर्लिस आत्या पायऱ्या चढत होती. ऑर्विनची ही धाकटी बहीण. उभा संसार तिने न्यू जर्सीत केला आणि दोन वर्षांपूर्वी ती गावी परतली, ती मनातलं तोंडावर बोलायची सवय घेऊनच. नॉर्डबीत हा आजार समजतात, आणि आजारी माणसाशी वागावं तितक्याच मायेने लोक तिच्याशी वागत. ती सिल्व्हर पाइनलाच राहायची. "माझ्या शेजारचीच खोली आहे, लायल. खिडकीतून तळं दिसतं. आणि मला पत्त्यांना जोडीदार मिळेल. आत्ताची जी आहे ना, ती डाव मांडला की झोपते."

"आत्या, हळू बोल. आणि आज तू काही सांगू नकोस हं. मी सांगणार आहे."

"तू सांगणार? म्हणजे नाताळ उजाडला."

असं म्हणून तिने काठीने दारावर तीन ठोके दिले. "बोर्गहिल्ड! आहेस का गेलीस?"

दोन घरं सोडून फिरणारा चमचा थांबला.

*

बोर्गहिल्ड होती. स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभी राहून ती जोलीनच्या पिशवीकडे बघत होती. पिशवीच्या तोंडातून एक हिरवं टोक बाहेर डोकावत होतं.

"देवा," ती पुटपुटली, "आणखी?"

बोर्गहिल्डचे नेम फार मोठे नव्हते. उजाडायच्या आत उठायचं, खिडकीत मेणबत्ती लावायची, बायबलमधला एक उतारा वाचायचा आणि तोवर कॉफीचा घोट घ्यायचा नाही. हे कधी चुकलं नाही. ऑपरेशनच्या दिवशी नर्सने मेणबत्ती लावू दिली नाही, तेव्हा तिने उशीपाशी विजेरी लावून उतारा वाचला होता. पण दृढीकरणाच्या, म्हणजे चर्चमध्ये श्रद्धा जाहीर करायच्या दिवशी, वेदीपुढे गुडघे टेकलेले असताना, तिने मनातल्या मनात आणखी दोन नेम घेतले होते. ते देवाशिवाय कुणालाच माहीत नव्हते. खोटं बोलायचं नाही. आणि कुणाचं मन दुखवायचं नाही. चौदाव्या वर्षी माणसाला वाटतं, ही दोन्ही एका वेळी पाळता येतात.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी तिच्या सासूबाईंनी, गुनहिल्डने, झुकिनीचा, म्हणजे काकडीसारख्या त्या हिरव्या भाजीचा, गोड पाव तिच्या पुढ्यात ठेवला. तिला तो ओल्या टॉवेलसारखा लागला. "कसा झालाय?" सासूबाईंनी विचारलं. खोटं बोलवेना, खरं सांगवेना. म्हणून तिने तोंड बंद ठेवण्यासाठी दुसरा तुकडा तोंडात घातला.

तेवढ्यावर सगळं ठरलं. नव्या सुनेला झुकिनी किती आवडते, हे सासूबाईंनी चर्चच्या तळघरात सगळ्या बायकांना सांगितलं. ऑर्विनने बायकोसाठी वाफा दुप्पट केला. दर वर्षी बी धरलं, वाळवलं, काचेच्या बरणीत ठेवलं. ऑर्विन गेल्यावर बरणी लायलकडे गेली, आणि वडिलांची आठवण म्हणून लायलने अर्धं अंगण नांगरलं.

हे तिने सोसलं असतं. साठ वर्षं सोसलंच होतं. पण यंदा गुडघ्याचं झालं. ऑपरेशन झालेल्या बाईकडे गाव जेवण पाठवतं; नावाची चिकटपट्टी लावलेली कॅसरोलची भांडी तिच्या टेबलावर येऊन पडली. भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक. बोर्गहिल्डकडे घालायला होतं काय? झुकिनी. तिने भांड्याभांड्यातून झुकिनीचा पाव परत पाठवला. पाव मिळालेल्या बायकांना वाटलं, हिच्याकडची झुकिनी आता संपत आली असेल. त्यांनी आपापल्या बागेतली आणून दिली. दार उघडंच असे. ती बाजारातून येई तो टेबलावर हिरवा ढीग, आणि कुणाचा ते कळायची सोय नाही.

आता न्हाणीघरातला टब काठोकाठ भरला होता. पाहुणे यायचे म्हणून तिने त्यावर पडदा ओढला होता. गेला आठवडाभर ती सिंकपाशी उभी राहून अंग पुसून घेत होती.

तिने त्या वाटायचाही प्रयत्न केला. पाळकसाहेबांच्या गाडीत दोन ठेवायला वाकली, तोच पावलं वाजली. काय सांगणार, म्हणून ती सीटवर बसूनच राहिली. बंबवाल्यांच्या शेडमागे मात्र नीट जमलं. तरुण मुलं, खातात काहीही.

नको म्हणावं तर जोलीनचं मन दुखणार. हवी म्हणावं तर खोटं. कडीला काही बोलावं लागत नाही. म्हणून तिने आज सकाळी, उतारा वाचून झाल्यावर, कडी लावली.

पण आर्लिसचा आवाज काचेतून स्पष्ट आत आला होता. माझ्या शेजारचीच खोली. तळं दिसतं. लायल सांगणार आहे.

बोर्गहिल्डने एकदा चुलीकडे पाहिलं, खिडकीतल्या विझलेल्या मेणबत्तीकडे पाहिलं, ऑर्विनच्या खुर्चीकडे पाहिलं. मग तिने कडी काढली.

"या," ती म्हणाली. "कॉफी तयारच आहे."

*

जोलीनला हा कॉफीचा तास कधी नव्हे इतका लांबलेला वाटत होता.

पिशवी तिने आल्याआल्या टेबलावर ठेवली होती. "बागेतलं थोडंसं, आई."

"अगं, कशाला एवढं," सासूबाई म्हणाल्या. दर वर्षी हेच म्हणायच्या आणि जोलीनला ते गोड वाटायचं. आज पहिल्यांदा तिला वाटलं, की हे त्या अगदी मनापासून म्हणतात.

"दक्षिणेकडून आलास की तळ्यावरून?" बोर्गहिल्डने लेकाला विचारलं. लायल चार गल्ल्या सोडून राहत होता.

"तळ्यावरून. दक्षिणेला चौकात नेल्सन उभा होता. तो मला म्हणतो तू जा, मी त्याला म्हणतो तू जा. तो हात करतो, मी हात करतो. शेवटी मी गाडी मागे घेतली."

"बरं केलंस. पाऊस येईल म्हणतात."

"आला तर बरंच आहे."

"फार नको पण."

"नाही, फार नको."

लायलने घसा साफ केला. जोलीनने त्याच्याकडे पाहिलं, सांग आता. तो म्हणाला, "आई, तुझ्या त्या पुढच्या पायऱ्या... बर्फात घसरायला होत असेल ना?"

"ऑगस्टात नाही होत."

"नाही, पण पुढे."

"पुढच्या पायऱ्यांवरून जातंय कोण?"

लायल पुन्हा कॉफीत बुडाला. ताटलीत एकच लिंबाची वडी उरली होती. जोलीनने तिचे दोन भाग केले आणि अर्धा घेतला. थोड्या वेळाने बोर्गहिल्डने उरलेल्या अर्ध्याचा अर्धा घेतला. लायलने पाव भागातलं अर्धं उचललं. मग तो नखाएवढा तुकडा ताटलीत तसाच पडून राहिला. त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

"अरे, कुणीतरी खाऊन टाका ते!" आर्लिस आत्या म्हणाली, तुकडा तोंडात टाकला आणि काठी घेऊन उठली. "मी न्हाणीघरात जाऊन येते. मी येईपर्यंत लायलचं सांगून झालेलं असू दे."

"काय सांगायचंय?" बोर्गहिल्डने विचारलं. पण तिचं लक्ष आर्लिसच्या पाठीकडे होतं. "आर्लिस, वरच्या मजल्यावरचं..."

"वर कोण चढतंय!"

दार लागलं. मग पडद्याच्या कड्या दांडीवरून सर्रकन सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. एवढा वेळ आर्लिस आत्या गप्प, हे जोलीनने पहिल्यांदाच ऐकलं.

"बोर्गहिल्ड," शेवटी आतून आवाज आला, "तुझी अंघोळ कुठे होते?"

सगळे उठले. टबात, नळापासून पार दुसऱ्या टोकापर्यंत, झुकिन्या होत्या. काही दुधीएवढ्या, काही तान्ह्या बाळाएवढ्या, हिरव्यागार, चकचकीत, एकमेकींना खेटून. साबणदाणीतही एक छोटी बसवलेली होती.

लायलचा चेहरा पडला. त्याने आईचा हात हातात घेतला आणि लहान मुलाशी बोलावं तसं हळू, सावकाश विचारलं, "आई, टबात भाजी का ठेवलीस?"

"फ्रिजमध्ये जागा नव्हती."

"आई..." तो म्हणाला. "सिल्व्हर पाइनला एक खोली आहे. उद्या कळवायचंय. तिथे तुझ्याकडे बघायला माणसं असतील. तू दाराला कडी लावतेस, लोकांच्या गाड्यांत जाऊन बसतेस. मला रात्रीची झोप नाही गं. तूच सांग, मी काय करू?"

त्याचे डोळे भरून आले होते. बोर्गहिल्डने ते पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं, की गप्प राहूनही तिने आधीच एकाचं मन दुखवलं होतं. आणि घर जायचं ते वेगळंच.

ती टबाच्या काठावर बसली.

"जोलीन," ती म्हणाली, "बाळ, तू रागावू नकोस."

"मी कशाला रागावू?"

"मला झुकिनी आवडत नाही."

एखाद्याने खून कबूल केला असता तर नॉर्डबीत याहून लवकर कुणीतरी बोललं असतं.

"म्हणजे यंदाची?" जोलीनने विचारलं.

"कधीच नाही. सासूबाईंच्या पहिल्या तुकड्यापासून. म्हणून कडी लावली मी. कुणी आणून ठेवू नये म्हणून. आणि पाळकसाहेबांच्या गाडीत मी बसायला नव्हते गेले. ठेवायला गेले होते."

जोलीनचे कान लाल झाले. ती आधी सासूकडे बघत राहिली, मग टबाकडे, मग तिने तोंडावर हात घेतला. तिचे खांदे हलायला लागले. लायलला वाटलं ती रडते आहे. तो तिच्याकडे वळला तर ती हसत होती. हसता हसता कमोडच्या झाकणावर बसली.

"आई, मला पण नाही आवडत! मला वाटायचं तुम्हाला एवढी आवडते, म्हणून मी टोपल्याच्या टोपल्या... मला टाकायला दुसरी जागाच नव्हती हो!"

"तू माझ्याकडे टाकत होतीस?"

"प्रेमाने, आई. पण टाकत होते."

"हे काय बोलताय तुम्ही?" लायल म्हणाला. त्याला खरंच लागलं होतं. "बाबांचं बी आहे ते! मी पाठ मोडून... बाबांना जीव की प्राण होती झुकिनी."

"ऑर्विनला?" आर्लिस आत्या म्हणाली. "माझ्या भावाला? लहानपणी तो ताटातली टेबलाखाली कुत्र्याला द्यायचा. कुत्रा उठून जायचा."

"मग वाफा दुप्पट का केला?"

"बायकोला आवडते म्हणून, खुळ्या!"

बोर्गहिल्डने पदर शोधावा तसा एप्रनचा कोपरा शोधला आणि डोळ्यांना लावला. जिवंत होता तोवर ऑर्विन तिच्या समोर बसून पाव खात होता, हसतमुखाने, एक शब्द न बोलता. तिच्यासाठी. आणि ती त्याच्यासाठी.

"आणि तुला?" तिने लेकाला विचारलं. "लायल, तुला आवडते?"

लायलने उत्तर द्यायला इतका वेळ घेतला की जोलीनचं हसू थांबलं.

"मी लोणी लावतो," तो म्हणाला. "आणि चावत नाही."

*

पुढचं सगळं झटपट झालं, म्हणजे नॉर्डबीच्या मानाने. लायलने दोनदा घसा साफ केला, आईच्या डोक्याला काही झालेलं नाही हे मान्य केलं आणि विचारलं, की तरीसुद्धा, समज, तळं वगैरे बघता...

"तिथे दाराला कडी आहे का?" बोर्गहिल्डने विचारलं.

"नाही," आर्लिस आत्या म्हणाली. लायलने तिला डोळ्यांनी खूण केली. तिने ती परतवून लावली. "काय आहे ते आहे. सकाळी उठून मी नाश्त्याला जाते, परत येते तो टेबलावर दोन झुकिन्या. गेल्या गुरुवारी. कोण ठेवून गेलं, मुडदा सापडू दे मला!"

बोर्गहिल्ड आपल्या बुटांकडे बघत होती. तिने नेम आठवला.

"मी," ती म्हणाली.

आर्लिस आत्याने काठी जमिनीवर आपटली आणि खो-खो हसली. "लायल, हिला कुठे नेऊ नकोस. हिचं डोकं आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं चालतंय. पत्ते खेळायला मीच येत जाईन इकडे."

"मग मी उद्या फोन करून नको म्हणून सांगतो," लायल म्हणाला.

"तू नको म्हणणार?" जोलीन म्हणाली. "परवा फोनवर गालिचे विकणाऱ्या माणसाला तू जेवायला बोलावलंस."

"बरं, आत्या सांगेल."

"आनंदाने," आत्या म्हणाली.

मग निरोप सुरू झाला. टेबलापाशी एकदा झाला, दारापाशी एकदा झाला, पायरीवर उभं राहून पावसाचं पुन्हा बोलून झालं. लायल उतरला, अंगणाच्या मध्यापर्यंत गेला आणि परत आला. काही विसरला असेल असं बोर्गहिल्डला वाटलं.

"आई," तो दाराच्या चौकटीला हात लावून म्हणाला, "आम्ही गेलो की कडी लाव."

तिने त्याच्या गालावर हात ठेवला. "लावते हो."

तेवढ्यात कुंपणापलीकडून पाळकीणबाई येताना दिसल्या. मार्गिट ट्वेट, हसतमुख, फुलाफुलांचा झगा. दोन्ही हातांत कापडाने झाकलेलं काहीतरी लांबट, आणि काखेत आणखी एक. त्यांची आणि बोर्गहिल्डची नजरानजर अजून झाली नव्हती.

"आत!" आर्लिस आत्या म्हणाली.

लायलने आयुष्यात पहिल्यांदा विचार न करता काहीतरी केलं. त्याने जोलीनला हाताला धरून आत ओढलं, आत्याला कमरेला धरून उंबऱ्याआड घेतलं, दार लावलं आणि कडी घातली. सगळे स्वयंपाकघराच्या जमिनीवर, खिडकीच्या खाली, पाठीला पाठ लावून बसले. बोर्गहिल्डलाही खाली बसायचं होतं, पण गुडघा वाकेना. तेव्हा ती फ्रिजच्या आडोशाला उभी राहिली.

मूठ फिरली. थांबली. पुन्हा फिरली.

"बोर्गहिल्डबाई?" बाहेरून गोड आवाज आला.

लायल जमिनीवर बसूनच हात वर करून कडी धरून होता.

"उत्तर नाही दिलं तर खोटं होतं का गं?" बोर्गहिल्ड ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"नाही, आई," जोलीन कुजबुजली. "विश्रांती होते."

बाहेर पायऱ्यांवर पावलं घुटमळली, मग खाली उतरली. खडीवरून सावकाश दूर जाऊ लागली. आर्लिस आत्याने सुस्कारा सोडला. मग पावलं थांबली. जिथे थांबायला नको होती, नेमकी तिथे.

जोलीनने नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. "गाडीला कुलूप लावलंयस ना?"

"नॉर्डबीत?" लायल म्हणाला. "गाडीला कुलूप कोण लावतं?"

आणि त्या रविवारच्या शांततेत, दोन घरं सोडून पलीकडेही ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे, त्याच्या गाडीचं मागचं दार उघडलं, आणि हळूच, कुणाचं मन दुखवायला नको अशा बेताने, पुन्हा लागलं.